उघड्यावरचा टीव्ही

घराबाहेरच्या बैठकीसाठी टीव्ही घेताना कंपनी आणि इंच यांचा विचार नंतरचा. त्याआधी जागेवर ऊन केव्हा आणि किती वेळ पडते, पाऊस कोणत्या बाजूने आत येतो आणि संच टांगायची भिंत कशाची आहे, हे पाहावे लागते. दिवाणखान्यासाठी टीव्ही निवडताना या तीनही गोष्टींकडे डोळेझाक करता येते, कारण तिथे छप्पर, खिडक्या आणि पडदे त्यांचे काम करत असतात. गॅलरीत, टेरेसवर किंवा सोसायटीच्या पोडियमवर हे काम संचालाच करावे लागते.

ठाण्यातले बाळकुम या विचारासाठी नमुन्याची जागा आहे. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रोड कशेळीच्या पुलावर चढण्याआधी बाळकुमला लागतो. एका अंगाला खाडी आणि तिवरांची झाडी, दुसऱ्या अंगाला ढोकाळी-कोलशेतच्या जुन्या कारखान्यांचा पट्टा, आणि पश्चिमेला येऊरचा डोंगर. मूळ गाव आगरी-कोळ्यांचे. गेल्या दोन दशकांत त्याच्याभोवती तीस-चाळीस मजली संकुले उभी राहिली. त्यामुळे ‘घराबाहेरची बैठक’ म्हणजे नेमके काय, याची बहुतेक सगळी उत्तरे इथे एकाच नाक्याच्या परिघात सापडतात : गावातल्या घराची ओटी आणि अंगण, टॉवरमधल्या फ्लॅटची दीड मीटर खोल गॅलरी, वरच्या मजल्यावरच्या घराचे उघडे टेरेस आणि क्लबहाऊससमोरचा पोडियम.

टीव्ही बाहेर ठेवून पाहणे आपल्याकडे नवे नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा संच थोड्या घरांत होते आणि प्रेक्षक पुष्कळ. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ लागायचे तेव्हा ज्याच्याकडे टीव्ही, त्याने तो ओटीवर आणून ठेवायचा, ही अनेक गावांतली रीत होती. त्याहून मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले आणि ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला गेला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण या प्रयोगातल्या दोन गोष्टी आजच्या गॅलरीलाही लागू पडतात. सगळ्या गावासाठीचे प्रक्षेपण संध्याकाळी होते, म्हणजे उन्हाशी झुंज नव्हती. आणि संच बांधले होते ते धूळ, उष्णता आणि लहरी वीज गृहीत धरून. घराघरांतले जुने कृष्णधवल संचही सरकत्या लाकडी शटरच्या पेटीत येत. लोक त्या शटरला शोभेची वस्तू समजत. प्रत्यक्षात काच झाकण्याचा तो साधा आणि चांगला उपाय होता.

ऊन

पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागातून एक कॅन्डेला इतका प्रकाश बाहेर पडला की तो एक निट. घरातला साधारण टीव्ही २५० ते ४०० निटचा असतो. जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप वेगळे, ते लक्समध्ये. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात १०० ते ३०० लक्स असतात, गॅलरीच्या आतल्या भागात दिवसा दोन-तीन हजार, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत दहा हजार किंवा अधिक, आणि भर उन्हात एक लाखाच्या आसपास.

हे आकडे एकत्र ठेवले की उन्हात चित्र का ‘उडते’ ते कळते. पडद्यावर पडलेल्या उजेडाचा शंभरावा भाग जरी सगळीकडे विखरून परतला, तरी दिवाणखान्यातल्या २०० लक्समुळे पडद्याच्या काळ्या भागावर अर्ध्या-पाऊण निटचीच राखाडी छटा चढते. ३०० निटच्या संचावर पांढरा भाग काळ्याच्या चारशे पट उजळ दिसतो आणि चित्र ठसठशीत राहते. तोच संच दहा हजार लक्सच्या सावलीत नेला, की काळ्यावर सुमारे ३२ निटचा थर बसतो आणि पांढऱ्या-काळ्यातला फरक दहापटीवर येतो. भर उन्हात काळा भागच ३२० निटचा होतो. मग फरक जेमतेम दुप्पट उरतो. क्रिकेटचा चेंडू, बातम्यांची खालची पट्टी, रात्रीच्या प्रसंगातले चेहरे, सगळे धूसर. सावलीत ७०० निटचा संच हा फरक तेवीसपटीपर्यंत नेतो आणि २,००० निटचा साठपटीच्या पुढे. पण भर उन्हात २,००० निटलाही सातपटीवर समाधान मानावे लागते. थोडक्यात, पैसे ओतून ऊन हरवण्यापेक्षा टीव्ही सावलीत टांगणे स्वस्त पडते.

जाहिरातीतला निटचा आकडा जपून वाचावा. पडद्याच्या छोट्या चौकोनात, काही क्षणांपुरता गाठलेला कमाल उजेड मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. बाहेर उपयोगी पडतो तो पूर्ण पडद्यावर सतत टिकणारा उजेड, आणि तो बहुधा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. शिवाय आरशासारखे पडणारे प्रतिबिंब वेगळे. समोरच्या टॉवरची काच दुपारी चमकते आणि ती चमक नेमकी पडद्यावर येते. तिथे निटचा उपयोग नाही, पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत आहे की मॅट, याला महत्त्व आहे. मॅट पडदा दिवाणखान्यात थोडा निस्तेज वाटतो, बाहेर तोच बरा.

उन्हाने केवळ चित्र फिके पडत नाही, पॅनेलही बिघडते. एलसीडी पॅनेलमधले द्रवस्फटिक ठरावीक तापमानाच्या वर गेले की त्यांची रचना मोडते आणि पडद्यावर काळे डाग उमटतात. पॅनेल निवले की ते बहुधा जातात, पण रोजच्या तापण्याने आणि अतिनील किरणांनी ध्रुवीकरणाची फिल्म पिवळी पडते, ती पुन्हा सुधारत नाही. खास बाहेरच्या संचांत म्हणूनच ११० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे द्रवस्फटिक वापरतात. ओएलईडी संच घरात कितीही देखणा असला तरी थेट उन्हासाठी नाही. त्यातले सेंद्रिय थर उष्णतेने आणि उन्हाने लवकर झिजतात.

बाळकुममध्ये ऊन कुठे पडते, याचा हिशेब दिशेनिशी मांडता येतो. हे ठिकाण सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरमध्ये मात्र तो भर दुपारी दक्षिणेला ४७ अंशांपर्यंतच चढतो. दीड मीटर खोल आणि वर २.९ मीटरवर स्लॅब असलेली दक्षिणमुखी गॅलरी घेतली, तर डिसेंबरच्या दुपारी मागच्या भिंतीवर जमिनीपासून जवळजवळ सव्वा मीटरपर्यंत ऊन चढते. टीव्हीचा मध्य साधारण तेवढ्याच उंचीवर येतो, म्हणजे अर्धा पडदा उन्हात. काचेच्या कठड्याने त्यात काही फरक पडत नाही. पश्चिममुखी गॅलरीत बारा महिने, पावसाळी ढग सोडले तर, दुपारी दोनपासून सूर्य येऊरच्या डोंगराआड जाईपर्यंत तिरपे ऊन येते, आणि आयपीएलच्या दिवसांत ते सर्वात कडक असते. पूर्वमुखी गॅलरीला सकाळचेच ऊन. उत्तरमुखीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी तिरीप लागते, एरवी ती सावलीत.

पाऊस, खाडी आणि पाली

मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर दक्षिण आणि पश्चिमेच्या गॅलऱ्या झोडपल्या जातात. पूर्व आणि उत्तरेच्या बाजू आडोशाला राहतात. ऊन आणि पाऊस दोघेही एकच उत्तर देतात, ही बाळकुमच्या बाबतीत सोयीची गोष्ट. दोन अपवाद मात्र ध्यानात ठेवावेत. उंच टॉवरांच्या मधून वारा वळसे घेतो आणि पाऊस आडोशाच्या गॅलरीतही खालून वर आल्यासारखा शिरतो. दुसरे, परतीच्या पावसाचे ढग ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून, विजांसह येतात. चार महिने कोरडी राहिलेली पूर्वेची गॅलरी नेमकी नवरात्रात भिजते.

पाण्यापासून आणि धुळीपासून संचाचा किती बचाव होतो, हे ‘आयपी’ या दोन आकड्यांत सांगतात. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांचा अर्थ ठरलेला आहे. पहिला आकडा धुळीचा, शून्य ते सहा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे त्रासदायक धूळ आत जात नाही आणि कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतात. आयपी ५५ साठी ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार सर्व बाजूंनी मारून पाहतात. आयपी ५६ ला धार मिनिटाला शंभर लिटरची. आकडे भरवशाचे आहेत. पण चाचणी स्वच्छ पाण्याने, नव्या संचावर, काही मिनिटांची असते. चार महिन्यांची ओल, खारट हवा आणि तीन वर्षांनी कडक झालेले रबर तिच्यात धरलेले नाही. शिवाय हा दर्जा तारांच्या तोंडाचे झाकण घट्ट बंद असेल तरच खरा. एचडीएमआयची जाड तार झाकणातून बाहेर काढताना रबराचा काप कापून टाकला, की आयपी ५५ चा संच साधा होतो. बसवणारा माणूस हे सर्रास करतो.

घरगुती टीव्हीला आयपीचा दर्जा नसतोच. त्याच्या पुस्तिकेत साधारणपणे १० ते ४० अंश सेल्सिअस तापमान आणि १० ते ८० टक्के आर्द्रता, तीही दव न धरणारी, अशी मर्यादा लिहिलेली असते. मार्च-एप्रिलात ठाण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे पावसाचा थेंबही न लागता, केवळ गॅलरीत राहून, संच वर्षातले कित्येक दिवस कंपनीने आखलेल्या चौकटीबाहेर असतो. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ओलीने झालेले नुकसान येत नाही. सर्किटवर गंजाचा हिरवा डाग दिसला की सेवा केंद्र पुढचे बोलणेच थांबवते.

खाडीकाठ म्हटले की मिठाची भीती आधी सांगितली जाते. पण हवेतले मीठ मुख्यतः फुटणाऱ्या लाटांतून उडते आणि बाळकुमच्या खाडीला जुहूसारख्या लाटा नाहीत. इथे अधिक त्रास देतो तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातला आणि नाल्यांतला वायू. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो तांबे आणि चांदी काळी करतो, आणि सर्किट बोर्डावर नेमके हेच धातू असतात. एसीची तांब्याची कॉइल खाडीकाठी लवकर गळते, ही मेकॅनिकांची नेहमीची बोली. कारण पुष्कळदा हेच. बाहेरच्या खास संचांत बोर्डावर लाखेसारखा पातळ थर दिलेला असतो, घरगुती संचात तो सहसा नसतो. बाहेर टांगायच्या ब्रॅकेटसाठी स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३१६ प्रतीच्या पोलादात मॉलिब्डेनम असते, म्हणून ते ३०४ पेक्षा खाऱ्या हवेत जास्त टिकते. संच सव्वा लाखाचा आणि ब्रॅकेट रस्त्यावरच्या दुकानातले रंग दिलेल्या लोखंडाचे, हे दृश्य मात्र नेहमीचे.

धुळीचा वाटा वेगळा. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ ची पायाभरणी झाली आणि त्या मार्गावर बाळकुम नाका हे स्थानक ठरले. त्यानंतर जुन्या आग्रा रोडवर वर्षानुवर्षे खांब, गर्डर आणि बॅरिकेड यांचा सहवास राहिला. त्यात संकुलांची बांधकामे. सिमेंटची धूळ ओल धरते, आणि ओली सिमेंटची धूळ अल्कधर्मी असल्याने अॅल्युमिनियम खाते. कोरड्या फडक्याने पडदा पुसला की हीच धूळ काचेवर ओरखडे काढते. आधी झटकावी, मग ओलसर मऊ कापडाने पुसावी.

शेवटी पाली, मुंग्या आणि झुरळे. संचाच्या मागच्या जाळीतून ऊब येते आणि पावसाळ्यात ती सगळ्यांना हवी असते. पाल पॉवर बोर्डावर आडवी झाली की बोर्ड जातो आणि पालही. कबुतरे वरच्या कडेवर बसतात आणि त्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. मागच्या जाळीवर हवा खेळेल अशी बारीक नायलॉनची जाळी चिकटवणे, हा साधा उपाय बरेचदा पुरतो.

कोणता संच

खास उघड्यावरचे टीव्ही अमेरिकेच्या बाजारात जास्त चालतात. तिथे घरामागे अंगण आणि बार्बेक्यू असतो. सनब्राइट आणि सेउरा या कंपन्यांचा तोच धंदा आहे. सॅमसंगने २०२० मध्ये ‘द टेरेस’ ही मालिका आणली : ५५, ६५ आणि ७५ इंच, आयपी ५५, आणि २,००० निटच्या घरातला उजेड. ५५ इंचीची तेव्हाची किंमत ३,४९९ डॉलर होती, म्हणजे त्याच मापाच्या चांगल्या घरगुती संचाच्या तीन-चार पट. एवढे असूनही पहिली मॉडेल अर्धसावलीसाठी होती. पूर्ण उन्हासाठीचे मॉडेल त्यानंतर वेगळे काढावे लागले, यावरून उन्हाचा अंदाज यावा.

आपल्याकडे नेहमीच्या दुकानांत असे संच मांडलेले दिसत नाहीत. बाहेरच्या जागेसाठी सहज मिळतात ते दुकानांच्या आणि स्थानकांच्या जाहिरातींचे ‘डिजिटल सायनेज’ पडदे. त्यांचा उजेड चांगला, दिवसाचे सोळा किंवा चोवीस तास चालण्याची तयारी, पण बऱ्याच मॉडेलांत ट्यूनर नसतो आणि स्पीकर नावापुरते. सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंगची काडी लावून ते टीव्हीचे काम करतात. सोसायटीच्या क्लबहाऊससाठी हा पर्याय योग्य, कारण घरगुती संचाची वॉरंटी सार्वजनिक वापराला बहुधा लागू होत नाही.

फ्लॅटच्या गॅलरीसाठी मात्र बाळकुममध्ये बहुतेकांना खास संचाची गरज नाही. पूर्वेची किंवा उत्तरेची खोल गॅलरी, पाहण्याची वेळ संध्याकाळनंतरची, आणि पावसाळ्यात संच आत. एवढे जमत असेल तर ४०० निटचा, मॅट पडद्याचा घरगुती एलईडी संच पुरतो. तो भिंतीवर कायमचा न टांगता चाकांच्या स्टँडवर ठेवला की ऊन-पावसाचे निम्मे प्रश्न ढकलत आत नेता येतात. खास संच घ्यावा तो वरच्या मजल्यावरच्या उघड्या टेरेसवाल्यांनी, आणि तोही पर्गोला किंवा पत्र्याची शेड बांधल्यावरच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे मोठ्या पडद्यावर घालण्यापेक्षा ब्रॅकेट आणि वायरिंगवर घातलेले बरे.

माप गॅलरीच ठरवते. पडद्यापासून बसण्याचे अंतर त्याच्या कर्णाच्या साधारण १.६ पट असावे : ४३ इंचीसाठी पावणेदोन मीटर, ५५ इंचीसाठी सव्वादोन मीटर. दीड मीटर खोल गॅलरीत मागच्या भिंतीवर टांगलेला टीव्ही कठड्याला पाठ लावूनही नीट पाहता येत नाही. आडव्या, म्हणजे बाजूच्या भिंतीवर टांगला तर गॅलरीच्या लांबीचे तीन-चार मीटर मिळतात, समोरचे आकाश पडद्यात उमटत नाही, आणि खाडीकडे पाठ करून बसावे लागत नाही. खाडी दिसते म्हणून बिल्डरला जादा पैसे मोजलेल्या घरात हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. दीड मीटरच्या भिंतीवर ४३ इंची, ज्याची रुंदी ९५ सेंटिमीटर, ऐसपैस बसतो. १२२ सेंटिमीटर रुंदीचा ५५ इंची जेमतेम. बाजूने पाहणारे जास्त असतील तर आयपीएस प्रकारचे पॅनेल घ्यावे, कारण व्हीए पॅनेलचे रंग कोनातून फिके दिसतात.

मोठ्या जमावाचा विचार वेगळा. आगरी घरांतल्या हळदीला मांडवात पडदा लागतो, गावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा लोक यूट्यूबवरून पाहतात, आणि भारताच्या अंतिम सामन्याला सोसायट्या पोडियमवर खुर्च्या मांडतात. अशा वर्षातल्या चार-पाच रात्रींसाठी टीव्ही विकत घेणे अनाठायी. अंधार पडल्यावर ३,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर शंभर इंची पांढऱ्या पडद्यावर सुमारे ३५० निट देतो, म्हणजे घरातल्या टीव्हीइतके; दिवसा मात्र तो निरुपयोगी. दुपारचा सामना असेल तर भाड्याची एलईडी वॉल. ती मागवताना ‘पी’ पुढचा आकडा विचारावा. तो दोन दिव्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो आणि ढोबळमानाने तितक्याच मीटरवर पहिली रांग बसवावी. पी ३.९ च्या भिंतीसमोर चार मीटरच्या आत मुले बसली तर त्यांना सामना नाही, ठिपके दिसतात.

भिंत, वीज आणि शेजार

५५ इंची संचाचे वजन पंधरा-वीस किलो, म्हणून ब्रॅकेटही तेवढ्याच ताकदीचे घेतले जाते. उंच मजल्यावर ही चूक महाग पडते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन होतो, आणि ५५ इंचीचे क्षेत्रफळ ०.८३ चौरस मीटर. म्हणजे वादळी झोतात संचावर जवळपास शंभर किलोचा रेटा येऊ शकतो. तिसाव्या मजल्यावर वारा अधिक. लांब हात असलेले, बाहेर ओढून वळवता येणारे ब्रॅकेट गॅलरीत टाळावे. भिंतीला चिकटलेलेच बरे.

ते ज्या भिंतीत रोवायचे ती कशाची आहे हे ड्रिल लावण्याआधी पाहावे. नव्या टॉवरांत मिवान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्यांत पकड उत्तम मिळते, पण सळई कापली जाता कामा नये आणि आरपार भोक पाडायला सोसायटीची परवानगी लागते. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा प्लग काही महिन्यांत सैल होतो. तिथे केमिकल अँकर किंवा आरपार बोल्ट आणि मागे पट्टी लागते. झाकणाची पेटी करायची तर आयएस ७१० प्रतीच्या मरीन प्लायची किंवा अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलची (एसीपी) करावी. तिच्या तळाशी आणि माथ्याशी हवेला वाट ठेवावी. पुढे काचेचे दार लावले की आणखी एक प्रतिबिंब आणि आत भट्टी, असे दोन्ही पदरात पडते.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. गॅलरीतला प्लग पॉइंट झाकणाचा, किमान आयपी ५५ असावा. अर्थिंग खरोखर जोडलेले आहे की नुसती तिसरी पिन आहे, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. आणि त्या फेऱ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली तर तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही. मे आणि ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत सर्ज प्रोटेक्टर उपयोगी, पण कडकडाट सुरू झाला की वीज आणि केबल दोन्हीच्या पिना काढणे अधिक खात्रीचे. तार संचात शिरण्याआधी थोडी खाली सोडून मग वर घ्यावी. तारेवरून ओघळणारे पाणी त्या वळणावरून टपकते, आत जात नाही.

आवाजाचा प्रश्न टीव्हीच्या पेटीवर लिहिलेला नसतो. बाहेर भिंती नसल्याने आवाज परतत नाही आणि टीव्हीचे मागे-खाली तोंड केलेले स्पीकर अपुरे वाटतात, म्हणून आवाज वाढवला जातो, आणि तो वरच्या-खालच्या चार गॅलऱ्यांत स्पष्ट ऐकू येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेने आपल्या हद्दीवर ती पाच डेसिबलहून अधिक ओलांडू नये. या नियमांची राज्यभर नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून उच्च न्यायालयात गेले ते ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर, आणि ऑगस्ट २०१६ मधला त्यावरचा निकाल आजही उद्धृत होतो. बसणाऱ्यांच्या जवळ ठेवलेला लहान स्पीकर कमी आवाजात तेच काम करतो. रात्री दहानंतर ब्लूटूथचे हेडफोन. २,००० निटचा पडदा तर रात्री समोरच्या टॉवरच्या बेडरूममध्ये उजेड पाडतो, त्यामुळे अंधार पडताच उजेड आपोआप कमी करणारी सोय नसलेला संच घेऊ नये.

जागेचा हक्कही पाहून ठेवावा. रेरा कायद्यानुसार फ्लॅटला जोडलेली खासगी गॅलरी आणि खासगी उघडे टेरेस चटई क्षेत्रात धरत नाहीत, तरी वापर त्या घराचाच. सामाईक गच्ची मात्र सगळ्या सभासदांची. वरच्या मजल्यावरच्या घराने तिथे शेड घालून पडदा टांगला की भांडण सर्वसाधारण सभेत येते. पर्गोला आणि शेडला सोसायटीबरोबर महापालिकेचीही परवानगी लागू शकते.

पावसाळा आणि त्यानंतर

जूनच्या पहिल्या आठवड्यात चाकांवरचा संच आत न्यावा. भिंतीवरचा ठेवायचाच असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधू नये. आत अडकलेली ओल रात्री दव होऊन बोर्डावर बसते. तळ उघडा असलेले, हवा खेळणारे कापडी कव्हर चालते. पावसाळ्यात न भिजलेला संच रोज तासभर चालू ठेवावा. आतल्या उबेने ओल उडते. एसीच्या गार खोलीतून थेट दमट गॅलरीत आणलेला संच मात्र लगेच चालू करू नये. त्याच्या गार भागांवर दव धरलेले असते, ते जायला तासभर तरी लागतो.

परतीचा पाऊस सरून आभाळ मोकळे झाले की, बाहेर आणण्यापूर्वी ब्रॅकेटचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत, गंजलेले बदलावेत, मागची जाळी ब्रशने झटकावी, रबरी झाकणांना भेगा पडल्या आहेत का ते पाहावे. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो खाली पडतो याची खात्री करावी, आणि मगच पिन लावावी.